एका लाकडाच्या वाट्या

१

ओल्या लाकडाच्या वाट्या एकात एक घालून ठेवायच्या नसतात. एवढी एकच गोष्ट मी चुडाव्याच्या माणसांना सांगितली होती. एकदा नाही, सतरांदा सांगितली. पण सुताराच्या सांगण्याला किंमत कोण देतो, आणि तो सुतार सुनेचा भाऊ असला तर विचारायलाच नको.

माझं दुकान पिंगळीला, स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड आणि त्यात एक लेथ मशीन. पोळपाट, लाटणी, रव्या, खाटेचे पाय, पाळण्याचे खांब, जे सांगाल ते कातून देतो. हल्ली लोकांना पोळपाटसुद्धा स्टीलचा लागतो, तो भाग वेगळा. वीज असते तेव्हा गिऱ्हाईक नसतं, आणि गिऱ्हाईक येऊन बसलं की वीज जाते.

धाकटी बहीण राजेश्री चुडाव्याला दिलेली आहे. पिंगळीहून पॅसेंजर पूर्णेवरून पुढं तिकडं जाते. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले, लोकांची बोलणी खाऊन झाली, आणि सगळ्यांनी आशा सोडल्यावर वैष्णवी झाली. त्यामुळं त्या घरात पोरीला खाली ठेवायला कुणी तयार नसतं. मीही त्यातलाच, उगाच खोटं कशाला बोलू.

तर पाव्हण्यांनी, म्हणजे राजेश्रीच्या नवऱ्यानं, प्रीतमरावांनी, नव्या स्लॅबला आड येतं म्हणून मागच्या अंगणातलं शिरसाचं झाड तोडलं. आणि त्याचा एक ओंडका टेम्पोत घालून, कापलेल्या तोंडांना तडे जाऊ नयेत म्हणून शेण लिंपून, माझ्या दारात आणून टाकला.

"भाऊ, वैशूच्या उष्टावणाला ह्याच्या वाट्या पायजेत. चार. आईला, मला, राजेश्रीला आन् वैशूला. एका लाकडाच्या, एकात एक बसणाऱ्या."

"लाकूड वाळू द्या. पुढच्या साली करू."

"म्हंजी पोरगी पुढच्या सालापर्यंत दुधावरच ठिवायची का?" असं म्हणून त्यांनी मोबाइल काढला आणि मला एक व्हिडिओ दाखवला. कुणीतरी गोरा माणूस ओल्या ओंडक्यातून कांद्याच्या पाकळ्यांसारख्या वाट्या काढत होता. "बगा. ओल्याच लाकडाच्या करायलाय की."

पहिला घास मामानं भरवायचा असतो. मामाच नाही म्हणाला तर बोलायला सगळा गाव मोकळा. मी हो म्हणालो.

काम अवघड नाही, किचकट आहे. अर्धा ओंडका मशीनवर चढवायचा. जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याचं विळ्यासारखं वाकवून घेतलेलं पातं तोंडाकडून आत घालायचं आणि बाहेरची वाटी सोडवायची. आतला गड्डा निघतो तो परत चढवायचा, त्यातून दुसरी. असं करत आत जायचं. सगळ्यात आतलं लाकूड कोरून टाकायचं, की झाली सगळ्यात लहान वाटी. पातं जेवढं जाड, तेवढं लाकूड दर खेपेला भुसा होऊन जातं. ते कुणाच्या बापाला परत आणता येत नाही.

ओल्या लाकडाचं पाणी तोंडावर उडत होतं, सदरा भिजला, ढलप्यांचा ढीग झाला. विशेष काही घडलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर प्रीतमराव मलाच म्हणाले की तुमाला कातताना काही जाणवलं कसं न्हाई. काहीही जाणवलं नाही. ओलं शिरस जसं कातलं जातं तसंच कातलं गेलं.

२

चुडाव्याला वाट्या नेल्या त्या चार वेगवेगळ्या कागदांत बांधून. राजेश्रीच्या सासूबाई, चांगुणाबाई, ओट्यापाशी होत्या. मी त्यांना मावशी म्हणतो. त्या मला, पोरीच्या नात्यानं, मामा म्हणतात.

"मावशी, ह्या एकात एक ठिवायच्या न्हाईत. वाळेपर्यंत वायल्या वायल्या, पालथ्या ठिवा."

"कामून?"

"ओल्या हायेत. बुरशी येती, तडा जातो."

"बरं," असं म्हणत त्यांनी माझ्यादेखत मोठीत दुसरी, दुसरीत तिसरी आणि तिसरीत चौथी घातली आणि फडताळात ठेवून दिली. म्हणजे ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलं होतं. पण आयुष्यभर उतरंडी रचलेला हात, तो आपोआप चालला. मी उठून वाट्या सुट्या केल्या आणि खिडकीत मांडल्या. पाणी पिऊन येतो तर परत एकात एक.

"मावशी."

"आवो मामा, जागा कुटं हाय? चार वाट्याला चार ठिकाणं मी कुटून आणू? मोकळी वाटी घरात पसरून ठिवली की घर कसं भकास दिसतंय."

मी पुन्हा सुट्या केल्या. राजेश्री हसत होती. वैष्णवी तिच्या मांडीवर होती आणि माझ्याकडं बघून पाय झाडत होती, तेव्हा मीही जरा निवळलो.

मग मावशींनी पोरीला पायांवर घेतलं. आंघोळीआधी टाळू भरायची वेळ झाली होती. बाळाच्या डोक्यावर पुढं जो मऊ खळगा असतो, जिथं हाड अजून जुळलेलं नसतं आणि कातडीखाली ठोका उडताना दिसतो, तिथं तेल जिरवायचं. मावशींनी हात लांब करून खिडकीतली सगळ्यात लहान वाटी उचलली आणि तिच्यात करडईचं तेल ओतलं.

"ती उष्टावणाची वाटी हाय," मी म्हणालो.

"मंग? तिचीच हाय ना?"

मावशींची तीन बोटं तेलात बुडायची, टाळूवर जायची, परत तेलात यायची. पोरीचे डोळे मिटायला लागले. लाकूड तेल पीत होतं, वाटीचं बूड काळं पडत होतं. तेलानं लाकडाचं भलंच होतं, म्हणून मी वाटी काढून घेतली नाही.

३

काही दिवसांनी राजेश्रीचा फोन आला. "भाऊ, वाट्या अडकल्यात. निघंनात."

"एकात एक घातल्या होत्या?"

"व्हय," ती म्हणाली. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. ओलं लाकूड, त्यात तेल, फुगून घट्ट बसणारच. त्यासाठी एवढ्या लांब येण्याची गरज नव्हती. पण फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "वैशूचं बी बरं न्हाई. निस्ती झोपायली." मग मी पॅसेंजर धरली.

घरात पोरगी पाळण्यात झोपलेली होती. अंगात ताप नव्हता, सर्दी नव्हती. उठवलं तर डोळे उघडायची, दूध दोन घोट प्यायची आणि परत झोपायची. परभणीच्या डॉक्टरांनी डोकं चाचपून सांगितलं होतं की टाळू ह्या वयाला असायला हवी त्याहून फार लहान लागतेय, हाड वेळेआधी जुळत असलं तर मेंदूला वाढायला जागा राहत नाही, आठवड्यानं परत दाखवा, वेळ पडली तर मोठ्या शहरात नेऊन कवटी उघडावी लागेल. राजेश्री हे एका दमात बोलली आणि उठून आत गेली. आत ती रडत होती, ते बाहेर ऐकू येत होतं.

"मला रोज बोटाला लागती की टाळू," मावशी म्हणाल्या. "पैल्यांदा तीन बोटं मावायची. आता एक मावतंय."

मला हे ऐकायचं नव्हतं. ज्यासाठी बोलावलं ते काम करावं म्हणून मी वाट्या हातात घेतल्या.

वाट्या फुगून अडकल्या की हलवल्यावर थोड्या तरी कुरकुरतात. ह्या कुरकुरल्या नाहीत. बोटानं वाजवलं तर चार वाट्यांचा पोकळ आवाज यायला हवा, तो भरीव आला. मी खिशातलं करवतीचं पातळ पातं काढलं आणि मोठ्या वाटीच्या नि दुसरीच्या मध्ये घातलं. एका अंगाला ते बोटभर आत गेलं. तिथून फिरवत नेलं तर पुढं फटच नव्हती. मी चष्मा लावून उजेडात बघितलं. मोठ्या वाटीतली लाकडाची रेघ सरळ दुसऱ्या वाटीत गेली होती, तिथून तिसरीत. मध्ये कधी काही कापलंच नव्हतं, असं.

मी कापलं होतं. चारही वाट्या सुट्या माझ्या हातानं खिडकीत मांडल्या होत्या. मी स्वतःला म्हणालो, डिंक असेल. शिरसाला डिंक येतो, तेलानं पातळ होऊन फटीत उतरला असेल, वाळला असेल. मला हे पटलंही. मग सगळ्यात आतल्या, लहान वाटीकडं लक्ष गेलं. तिचं तोंड बारीक झालं होतं. काठ आतल्या बाजूला वळून जाड झाला होता आणि खाली तेल अजून चमकत होतं. मी बोट घालून बघितलं. एकच मावलं.

"त्येचं तसंच आस्तंय," मावशी शांतपणे म्हणाल्या. "झाडाची फांदी तोडली की कडंनी सालीचा गोठ चढत येतो आन् घाव भरतो. बगितलं न्हाई का तुमी?"

"ते जित्या झाडाचं, मावशी. ही वाटी हाय."

"मला काय म्हाईत बापा. तुमी कातारी."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात मी तो गड्डा मशीनवर चढवला. आता त्याला गड्डाच म्हणायचं. मनात राग एवढा होता की भीतीला जागा नव्हती. राग मावशींवर होता, प्रीतमरावांवर होता, त्या व्हिडिओतल्या गोऱ्या माणसावर होता.

पातं घातलं. डिंक असता तर पातं फसफसलं असतं, वास आला असता. तसं झालं नाही. ओल्या लाकडाचं पाणी तोंडावर उडालं, पहिल्या दिवशी उडालं होतं तसंच. हे लाकूड इतक्या दिवसांत निम्मं तरी वाळायला हवं होतं. मी तोंड पुसलं आणि काम चालू ठेवलं. मोठी सुटली, दुसरी सुटली, तिसरी सुटली. लहान वाटीचं तेल काढून मी तिचा वळलेला काठ कोरून तोंड मोकळं केलं. चारही वाट्या आधीपेक्षा पातळ झाल्या होत्या. होणारच, दर खेपेला पात्याएवढं लाकूड जातं.

भुसा झटकत होतो तेव्हा राजेश्रीचा फोन आला. आवाजावरून ओळखलं की चांगलं आहे.

"भाऊ, उठली. आताच उठली, भुकेनं रडायली. दूध पिऊन खेळायली बग."

"बरं झालं," मी म्हणालो. दोन गोष्टींचा संबंध मी लावला नाही. लावायचा प्रश्नच नव्हता. आठवड्यानं डॉक्टरांनी पुन्हा डोकं चाचपलं आणि म्हणाले की टाळू व्यवस्थित आहे, मागच्या वेळी बाळ रडत होतं म्हणून नीट कळलं नसेल. राजेश्री म्हणाली, मागच्या वेळी ती रडतच नव्हती, तीच तर तक्रार होती. डॉक्टर लोकांशी वाद घालून उपयोग नसतो.

वाट्या मात्र मी परत दिल्या नाहीत. शेडच्या चार कोपऱ्यांत चार फळ्या ठोकल्या आणि एकेका फळीवर एकेक वाटी पालथी घातली. तशा त्या मुकाट राहिल्या. लाकूड जसं राहतं तशा.

५

उष्टावणाच्या आदल्या दिवशी प्रीतमरावांचा फोन. वाट्या आणायच्या. मी म्हणालो, स्टीलच्या वाटीत करा, चांदीची आणा, मी देतो आणून. ते चिडले. म्हणाले, अंगणातलं झाड आमचं, पोरगी आमची, आन् वाट्या तुमी अडवून बसायलाव. खरं कारण सांगावं तर हसतील, आणि हसले नाहीत तर ते त्याहून वाईट. शेवटी ठरलं की मी स्वतः नेईन, स्वतः भरवीन, आणि येताना स्वतः परत आणीन.

दुपारी घर माणसांनी भरलं होतं. वैष्णवीला पिवळं झबलं घातलं होतं. मी लहान वाटीत खीर घेतली, बोटावर चाटवली. तिनं आधी तोंड वेडंवाकडं केलं आणि मग माझं बोट दोन्ही हातांनी धरून चोखायला लागली. सगळे हसले. इतक्या वर्षांनी त्या घरात कुणीतरी पहिला घास घेत होतं.

पंगत बसली. मी वाट्या माझ्या ताटाशेजारी चार बाजूंना ठेवल्या होत्या. जेवताना कुणी मध्येच उठत नाही. वाढणं चालू होतं, आग्रह चालू होता, आणि मी हात धुऊन येतो तर वाट्या जागेवर नाहीत.

स्वयंपाकघरात शेजारच्या बाया भांडी घासत होत्या. ओट्यावर परातीत पातेली, पातेल्यात तांबे, ताटांची चळत, सगळं ज्याच्या त्याच्या पोटात घालून नीट रचलेलं. आणि कडेला माझ्या वाट्या. मावशींनी त्या धुतल्या होत्या, पुसल्या होत्या, तेलाचा हात लावला होता आणि माझी पिशवी उघडून तिच्याशेजारी ठेवल्या होत्या.

"पिशवीत मावंनात म्हणून एकात एक घातल्या," मावशी म्हणाल्या. "तुमाला गाडीत तरास नगं."

मी वाट्या उचलल्या. उचलली ती एकच वस्तू होती. तासाभरापूर्वी मी ज्या वाटीतून खीर भरवली तिचं तोंड शोधत मी बोट फिरवलं आणि बोट कुठंच अडकलं नाही. वरचा भाग सपाट होता. मध्यभागी फक्त एक बारीक बेंबीसारखी खूण होती.

"वैशू कुटंय?" मी विचारलं.

"निजली. एवढ्या कलकलाटात बी कशी शांत निजली बगा."

मी पाळण्याकडं गेलो तेव्हा मावशी माझ्या आधी पोचल्या होत्या. त्यांनी सवयीनं तीन बोटं पोरीच्या डोक्यावर ठेवली. मग एकच बोट ठेवलं, हलवून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"मामा, हितं हाड लागायलंय."

मी हात लावला. माझ्या डोक्याला असतं तसंच होतं ते, घट्ट. राजेश्रीनं तिला उचललं, हलवलं, नावानं हाका मारल्या. पोरीचे डोळे अर्धे उघडे होते आणि ती कुणाकडंच बघत नव्हती.

६

जीप मिळाली. परभणीचा रस्ता पिंगळीवरूनच जातो. मी पुढं बसलो, मांडीवर तो गड्डा. मागं राजेश्री, तिच्या मांडीवर पोरगी, शेजारी प्रीतमराव आणि मावशी. मी एवढंच म्हणालो की मला दुकानापाशी सोडा. प्रीतमराव तोंड उघडत होते, पण मावशी म्हणाल्या, "सोड त्यांना. मी बी उतरते." का, ते त्यांना कुणी विचारलं नाही.

जीप पुढं गेली. मी शेड उघडलं, गड्डा चढवला, बटण दाबलं. वीज नव्हती.

मला हसू आलं, रागाचं. इतक्या वर्षांत ह्या विजेनं माझा जेवढा छळ केला तेवढा कुणी केला नसेल, आणि आज हे. मी खांबावर लाथ मारली. मावशी उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या.

"तुमचे वडील कशावर कातायचे? तवा कुटं वीज होती?"

वडील दोरीवर कातायचे. फिरत्या दांड्याला दोरीचे वेढे द्यायचे, एकानं समोर बसून दोन टोकं आळीपाळीनं ओढायची, दुसऱ्यानं पातं धरायचं. दोरी अजून आढ्याला होती. मी ती काढून दांड्याला वेढली, पण समोर बसायला कोण होतं? मावशींनी पदर खोचला, पाय पसरून बसल्या आणि दोन्ही टोकं हातात घेतली.

"ताक केलंय की जलमभर," म्हणाल्या. "ओढू?"

त्यांनी ओढायला सुरुवात केली. गड्डा इकडं फिरायचा, तिकडं फिरायचा. पातं एकाच फेऱ्याला लागतं, उलट फेऱ्याला मागं घ्यावं लागतं. मशीन चालू असताना आवाजात काही ऐकू येत नाही. आता सगळं ऐकू येत होतं. दोरीची घासण, मावशींचा श्वास, ढलपी सुटल्याचा कर्रकन आवाज. आणि उलट फेऱ्याला, जेव्हा पातं लागलेलं नसायचं, तेव्हाही आतून कसलातरी ओलसर आवाज येत होता, अगदी बारीक. मी म्हणालो, तेल असेल, आत तेल राहिलंय. मावशी म्हणाल्या, "धुऊन पुसून ठिवली होती मी." आणि ओढत राहिल्या.

मोठी सुटली. दुसरी सुटली. तिसरी सुटली, आणि पुढं वाटी नव्हतीच, मुठीपेक्षा जरा मोठा भरीव गोळा होता. मी तो चढवला. त्या बेंबीच्या खुणेवर बारीक पटाशी टेकवली. किती खोल जायचं ते मला माहीत नव्हतं. जरा जास्त दाबली तर काय होईल, तेही माहीत नव्हतं. जन्मात कधी मी एवढ्या हलक्या हातानं पटाशी धरली नव्हती.

"हळू ओढा, मावशी."

"हळूच ओढायले."

पटाशी अचानक मोकळी झाली. मी झटकन मागं घेतली. तोंड उघडलं होतं, रुपयाएवढं. मावशींनी दोरी सोडली आणि उठून माझ्याशेजारी आल्या. दारातून संध्याकाळचा उजेड सरळ आत येत होता.

आत बुडाशी लाकडाची रेघ नव्हती. तिथं काहीतरी फिकट, ओलसर, ताणलेलं होतं. ते वर आलं, खाली गेलं. परत वर आलं.

मी डोळे मिटले. मावशींनी नाही मिटले. त्यांनी रोजच्यासारखं एक बोट आत घातलं, अलगद टेकवलं आणि थांबल्या.

"लागली," त्या म्हणाल्या.

मी डोळे उघडले तेव्हा त्यांचं बोट बाहेर होतं, आणि आत काळं, ओलं शिरस होतं, लाकडाच्या सगळ्या रेघांसकट. मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी बोट पदराला पुसलं नाही, एवढं मी बघितलं. थोड्या वेळानं फोन वाजला. राजेश्री दवाखान्यातून बोलत होती, आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं वैष्णवी रडत होती.

७

आता वाट्या वेगवेगळ्या आहेत. तीन चुडाव्यात, तीन खोल्यांत. त्या वाळल्या, लंबगोल झाल्या, ओलं लाकूड वाळून होतं तशाच झाल्या. त्यांचं काही म्हणणं नाही.

लहान माझ्याकडं आहे. ती वाळत नाही. शेजारी काही नसतानाही तिचं तोंड आपोआप बारीक होत येतं, कधी सावकाश, कधी एका रात्रीत. प्रीतमराव म्हणाले, फोडून टाका. मी वाकस उचलला आणि त्यांच्याच हातात दिला. त्यांनी तो खाली ठेवला. जाळायचं नाव कुणी काढत नाही.

तोंड मिटत आलं की चुडाव्याहून फोन येतो, आणि फोनमागून सकाळच्या पॅसेंजरनं मावशी येतात. मशीन मी तिला लावत नाही. मशीनचा जोर जास्त आहे. मावशी दोरी ओढतात, मी काठ कोरतो, थोडासाच, जेवढ्यानं भागेल तेवढाच. तरी भुसा पडतो. लाकडावर पटाशी चालवायची आणि भुसा पाडायचा नाही, ही कला मला अजून आली नाही, आणि ती मला कुणी शिकवूही शकत नाही. एवढं आयुष्य लाकूड कातण्यात गेलं, आणि आता चिमूटभर भुशाकडं बघून जीव जळतो.

डॉक्टर म्हणतात, टाळू आपल्या वेळेला आपोआप भरते, पोरगी चालायला लागली, धावायला लागली की त्या सुमाराला. तेवढा काळ गेला की मग काळजी नाही. ते हसून सांगतात. त्यांच्या दृष्टीनं पोरगी ठणठणीत आहे, तिचा मामा जरा विचित्र आहे.

आज फोन आलेला नव्हता, तरी तोंड मिटत आलेलं दिसलं, म्हणून मी सकाळी वाटी खिडकीत उजेडाला धरली. पलीकडं धरलेली माझी बोटं लाकडातून दिसत होती. काठ आता पात्यापेक्षा पातळ आहे, अजून किती वेळा कोरता येईल ते सांगता येत नाही. वैष्णवी अजून भिंत धरूनसुद्धा उभी राहत नाही.

पॅसेंजरची शिटी ऐकू आली. थोड्या वेळानं, फोन न करताच, मावशी आल्या, चपला दारात काढल्या, दोरीची टोकं हातात घेऊन बसल्या. मी वाटी चढवली आणि पटाशी हातात घेतली, पण टेकवली नाही.

"ओढू?" त्यांनी विचारलं.